गाळातली बारा मिनिटं

गाय पहाटेपासून अडली होती आणि डॉक्टरला मी फोनवर तीनदा सांगितलं होतं, धरणाच्या भिंतीवरून या, पंपघराशी वळा, तिथं माणूस उभा करते.

"वहिनी, काळजी करू नका, मला फोनवर रस्ता दिसतोय," तो म्हणाला. "बारा मिनिटं दाखवतोय."

बारा मिनिटं कशी? भिंतीवरून यायला पाऊण तास लागतो. बारा मिनिटांचा रस्ता एकच, जुना, आणि तो तलावाच्या पोटातून येतो. "तो रस्ता नाही, डॉक्टरसाहेब!" म्हणून मी ओरडले, तोवर त्यानं फोन ठेवला होता.

आमचं जुनं गाव, जुना रस्ता, सगळं धरणात गेलं त्याला तीस वर्षं झाली. पाणी हटलं की तो रस्ता तुकड्यातुकड्यानं वर येतो. मधल्या जागी गाळ. त्या गाळात आम्ही कलिंगडं लावतो, पण पाय कुठं टाकायचा ते म्हशीला विचारून. म्हणजे म्हैस जिथून गेली, तिथूनच आपण जायचं. जिथं जमिनीला हातहात भेगा पडल्यात, तिथं ती घट्ट. जिथं सारवल्यासारखी गुळगुळीत दिसते, तिथं वर बोटभर खपली आणि खाली गळ्यापर्यंत राड. आमच्या शेंबड्या पोरांनाही हे कळतं. फोनला कळत नाही, त्याला काय, त्याला पाय थोडेच आहेत.

घरधनी गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. "वासराची मान मागं वळलीय," ते म्हणाले. "माझ्यानं सरळ होत नाही. जा, बघ तो शहाणा कुठून येतोय."

मी बांधावर पळत गेले. तिथं आत्या आधीच उभी. आत्या म्हणजे घरधन्यांची आत्या, आमच्या शेजारीच राहते, एकटी. कमरेवर हात ठेवून ती तलावाकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, जे मी आठ महिन्यांत बघितलं नव्हतं. समाधान.

पांढरी गाडी जुन्या रस्त्यावरून ऐटीत उतरत होती. डांबराचा तुकडा संपला तसं तिनं गुळगुळीत गाळावर तोंड घातलं. दहा-बारा हात गेली, थांबली, मागची चाकं गरागरा फिरली, आणि जागच्या जागी बसायला लागली.

"बस," आत्या म्हणाली. "बस अशीच खाली."

आठ महिन्यांपूर्वी आत्याची म्हैस अशीच अडली होती. तेव्हाही हाच डॉक्टर. आत्यानं त्याला भिंतीवरची वाट खुणांसकट सांगितली, तर तो हसून म्हणाला, "आजी, ठिकाण पाठवलंत ना, बाकी माझं मी बघतो." त्यानं बघितलं. फोननं त्याला पल्याडच्या काठावर नेऊन उभं केलं. तलाव तुडुंब भरलेला, रस्ता त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलेला, आणि अल्याड आम्ही हातवारे करतोय. फिरून येताना तो पुन्हा वाट चुकला, त्याला अडीच तास लागले. तोवर म्हैस पोटातल्या रेडकासकट गेली. लेकराला थोपटावं तसं आत्या तिला संध्याकाळपर्यंत थोपटत होती.

पण आत्याला खरा डाग लागला तो पुढं. ती दवाखान्यात गेली तेव्हा रजिस्टरात लिहिलेलं दिसलं: पशुपालकाने चुकीचा पत्ता दिल्याने पोहोचण्यास विलंब. आत्याला अक्षरओळख आहे. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, हे खोड. तर डॉक्टर म्हणतो, "नोंद झाली की झाली, आजी." तेव्हापासून तिनं दावणीला जनावर बांधलं नाही. "म्हैस मेल्याचं दुःख आहेच गं," ती मला म्हणायची, "पण काळ सोकावतो. माझ्याच म्हशीची मारेकरी म्हणून मला लिहून ठेवलंय त्यानं."

आता डॉक्टर गाडीतून उतरला. उतरला तो मांडीपर्यंत आत गेला आणि दार धरून लटकला. गाडीतून बाईचा गोड आवाज आला, "पाचशे मीटर सरळ जा."

मी हसले. खरं सांगते, घरात गाय मरणाच्या दारात होती आणि मी हसले. आत्याचं दुःख मीही बघितलं होतं. त्याला तसा लटकलेला बघून मलाही गार वाटलं, आणि मी काही वेळ नुसती उभी राहिले.

मग गोठ्यातून गाय हंबरली.

"आत्या, चला, फळी घ्या," मी म्हटलं. कलिंगडाच्या वाफ्यांत जायला तिच्याकडं एक लांब जाड फळी असते. तिनं फळी उचलली, खांद्यावर घेतली आणि म्हशीच्या वाटेनं संथ चालत डॉक्टरपासून दहा पावलांवर गेली. मी मागोमाग. तिथं तिनं फळी खाली ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"आजी, फळी सरकवा इकडं!"

"सरकवते की. घाई काय आहे? आधी सांग, माझी म्हैस कुणी मारली?"

"आजी, ही काय वेळ आहे का?"

"माझ्या म्हशीची पण नव्हती."

"आत्या!" मी तिचा दंड धरून ओढला. "माझी गाय मरेल!"

"तुझी गाय दणकट आहे. दम धर." ती माझ्याकडं बघतही नव्हती. "बोल रे. पत्ता चुकीचा कुणी दिला?"

"मला जी माहिती मिळाली, त्यावरून मी..."

"माहिती कुणी दिली? मी का त्या गाडीतल्या बाईनं?"

डॉक्टरही ताठ मानेचा. कंबरेपर्यंत आत गेला तरी म्हणे, नोंद नियमाप्रमाणं केली. आत्या म्हणे, बस मग नियमावर. मी फळीचं टोक धरून उपसू बघत होते आणि फळीवर आत्या, तीस वर्षं शेतात राबलेलं अंग, धोंड्यासारखी. मी शिव्या दिल्या, पाया पडले, रडले. बांधावर पाच-दहा माणसं जमली होती. कुणी खाली उतरलं नाही, सगळ्यांना तमाशा हवा होता. ऊन डोक्यावर आलं आणि गायीचं हंबरणं बारीक होत गेलं.

शेवटी गाळ छातीला लागला तेव्हा त्याचा ताठा उतरला. "माझी चूक!" तो किंचाळला. "तुम्ही वाट बरोबर सांगितली होती! मी ऐकलं नाही!"

"बांधावर ऐकू जाऊ दे."

त्यानं पुन्हा सांगितलं, बांधावर ऐकू गेलं. आत्या उठली. फळी सरकवली. "आता पोटावर झोप. उभा राहशील तर अजून रुतशील. सरपटत ये." आणि शिकलेला माणूस औषधाची पेटी गळ्यात अडकवून आमच्या पायांशी सरपटत आला. ही शिक्षा होती की शहाणपण, ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. तशी गाळातून निघायची दुसरी रीतच नाही.

तो उठला तसा पळाला, चिखल गाळत, माझ्यापुढं. त्याचा हात मात्र वाईट नव्हता. चार मिनिटांत त्यानं मान सरळ केली आणि वासरू बाहेर ओढलं. कालवड होती. तोंडातून चिकटा काढला, नाकात फुंकलं, पाय धरून उलटी केली, छाती चोळली. कितीतरी वेळ चोळत होता. गाय मान वळवून चाटायला बघत होती.

"गाय वाचेल," तो म्हणाला. कालवड त्यानं गायीपुढं ठेवली. "अर्धा तास आधी असतो तर हीसुद्धा..."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसरीच्या दावणीचं वाटोळं झालं होतं. आत्या गोठ्याच्या दारात उभी होती. कालवडीकडं बघताना तिचा चेहरा म्हैस गेली त्या दिवसासारखा झाला होता.

डॉक्टरनं पेटीतून रजिस्टर काढलं. आधी मागचं पान उघडलं, आत्याच्या नावापुढची ओळ खोडली आणि सही केली. आत्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यानं नवं पान काढलं आणि उशिराच्या कारणापाशी त्याचं पेन थांबलं.

"माझं नाव लिही," आत्या म्हणाली. "या वेळी खरं आहे."

"नाही आजी, मीच त्या रस्त्यानं..."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. घरधनी खाली मान घालून गायीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"दोघांची लिहा," मी म्हटलं. "एकाखाली एक."

त्यानं लिहिलं. आत्यानं बोट ठेवून वाचलं, आणि कुणी सांगायच्या आधी खाली सही केली. मग ती घरी गेली, कुदळ घेऊन आली आणि परड्यात कालवडीसाठी खड्डा खणायला लागली. सत्तरीची बाई, भर उन्हात, एकटी.

मी नको म्हटलं नाही.