सामानापाशी कोण बसणार

ज्वारी निवडताना सापडलेले दोन खडे वच्छलानं टाकून दिले नाहीत. ताटातली ज्वारी तळहातानं बाजूला सारली आणि रिकाम्या झालेल्या जागेत ते ठेवले, एक इकडं, दुसरा चार बोटं सोडून तिकडं.

"हे म्हैसूर," ती म्हणाली, "आणि ही वृंदावन बाग. मधे बस आहे."

शरणम्मानं मान वाकडी करून ताटाकडं पाहिलं. ती शेजारच्या खोलीत राहायची, मूळची अक्कलकोटाकडची. तिची भाची म्हैसूरला दवाखान्यात नर्स होती आणि वच्छलानं तिच्याच खोलीवर उतरायचं ठरलं होतं.

"दोनी एका सांजंला करू नगो," शरणम्मा म्हणाली. "पाळण्याचे दिवे बी रातीचे, कारंज्याचे बी रातीचे. हिकडं बघत बसलीस की तिकडचं जातंय."

"म्हणून तर दोन मुक्काम."

"आदी कंचं?"

वच्छलानं दोन्ही खड्यांकडं पाहिलं. "आधी प्रदर्शनातला आकाशपाळणा. उंचावर बसायला धीर लागतो, आणि माझा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल याचा भरवसा नाही."

शरणम्मा हसली. मग तिनं रोजच्यासारखे दोन कानडी शब्द शिकवले. एष्टु म्हणजे किती. बेडा म्हणजे नको.

"बेडा लई उपेगाचं हाय," ती म्हणाली. "येवडं आलं तरी फिरून येशील."

नवरात्रात घरचे घट सोडून सुनेनं पाऊल बाहेर टाकायचा प्रश्नच नव्हता. पण म्हैसूरचं दसऱ्याचं प्रदर्शन दिवाळीपर्यंत चालतं, असं भाचीनं कळवलं होतं. तेव्हा कोजागिरी झाली की निघायचं, हुबळीला गाडी बदलायची, अरसीकेऱ्याला पुन्हा, आणि चार दिवसांत परत. नवरा मुकुंद रेल्वेच्या कचेरीत कारकून, त्यामुळं पास मिळणारच होता. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. एवढं सगळं वच्छलानं ज्वारी निवडता निवडता, धुणं वाळत घालता घालता जमवलं होतं. कुठल्या स्टेशनात पाणी भरून घ्यायचं तेसुद्धा तिला पाठ झालं होतं.

मुकुंदला फक्त एक गोष्ट समजत नव्हती.

"पण तू पाहिलंयस की हे सगळं," तो म्हणाला होता. "आपण सगळेच नव्हतो का गेलो?"

सगळेच गेले होते, हे खरं. धाकटा अंगावर पीत होता त्या वर्षी. सासूबाई म्हणजे माई, नणंद प्रेमला, तिचे यजमान वेणीमाधव, पोरंबाळं, स्टोव्ह, वळकट्या, तांदळाची पिशवी आणि लोणच्याची बरणी. वृंदावनाच्या दारापर्यंत वच्छलाही गेली होती. पण एवढं सामान घेऊन आत कुठं फिरणार? कुणीतरी बसायला हवं होतं, आणि तिच्या मांडीवर मूल झोपलेलं होतं. "वहिनी, तू बस जरा, आम्ही येतोच," असं प्रेमला म्हणाली, आणि ते आले तेव्हा शेवटच्या बसची वेळ झाली होती. भिंतीवरून आभाळात थोडा लाल, थोडा हिरवा उजेड दिसला, तेवढाच तिचा वाटा. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात सगळे मोठ्या पाळण्यात बसले, तेव्हा खाली सगळ्यांच्या चपला, वेणीमाधवांचा चष्मा आणि मूल सांभाळत ती उभी होती.

पुढं त्या सहलीच्या गोष्टी घरात इतक्यांदा झाल्या की, कारंजी वच्छलानंही पाहिली असं सगळेच धरून चालले. "काय ते पाणी, नाही का गं वहिनी?" असं प्रेमला म्हणायची आणि वच्छला "हो ना" म्हणायची. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

"पुन्हा पाहायचंय," एवढंच ती मुकुंदला म्हणाली. "एकटीला."

तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पासाचा अर्ज केला. तो माणूस तसा भला. फक्त बहिणीपुढं त्याचं काही चालत नसे, आणि बहिणीचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

बातमी तिथवर पोचायला दुपार लागली नाही. वाटेत तिला बरेच फाटे फुटले होते. कुणी म्हणालं नवस असेल, कुणी म्हणालं नवरा-बायकोचं बिनसलं असेल. बाईमाणूस एकटं गावाला जातं ते माहेरी, नाहीतर देवाला. नुसतं पाळण्यात बसायला कोण जातं?

प्रेमला आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच.

"वहिनी, एकटी जायला तुला काय माणसं नाहीत होय?" तिनं वच्छलाचे दोन्ही हात धरले. "मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर? मी येते तुझ्याबरोबर."

"तसं नाही वन्सं, मी आपली..."

"काही बोलू नको. तुला एकटीला पाठवलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

प्रेमला येणार म्हटल्यावर वेणीमाधवांची रजा शिल्लक असल्याचं निघालं. त्यांची रजा निघाल्यावर पोरांना कुठं ठेवणार, म्हणून पोरं निघाली. आणि एवढं सगळं वऱ्हाड म्हैसूरला जातंच आहे तर माईंना चामुंडीचं दर्शन का नको? या वयात पुन्हा कधी घडणार? भीक नको पण कुत्रं आवर, अशी वच्छलाची गत झाली. प्रत्येक जण मायेनं बोलत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक एक वळकटी वाढत होती.

संध्याकाळी वेणीमाधवांनी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढला.

"पिन कुठं आहे हो याची, वहिनी?" त्यांनी विचारलं.

वच्छलानं फडताळातून पिन काढून दिली. बेडा हा शब्द तिला चांगला येत होता. मराठीत तो कसा म्हणायचा तेवढं तिला कुणी शिकवलं नव्हतं. रात्रीच्या भाताचे तांदूळ रोवळीत धुताना तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात आठ माणसांचे तांदूळ मोजतो आहोत, चार दिवसांचे. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

माई आपल्या बाजेवर बसून हे सगळं बघत होत्या. त्या फारसं बोलत नसत. बोलल्या तर त्यांचं बोलणं एरंडेलासारखं, घशाखाली उतरायला वेळ घेणारं.

रविवारी बेत पक्का करायला सगळे जमले. वेणीमाधव कोण कुठं झोपेल ते सांगत होते, मुकुंद मान डोलवत होता. तेवढ्यात माईंनी गुडघा धरला.

"आई गं," त्या म्हणाल्या. "धरला हा. आता काही मला हलवत नाही."

प्रेमला धावली. मुकुंदनं उशी दिली. वच्छला उठून स्वैपाकघरात गेली आणि तेलाची वाटी चुलीपाशी ठेवली. गेली वीस वर्षं माईंचा गुडघा दुखला की तिनंच चोळायचा, असं ठरूनच गेलेलं होतं. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नसत. वाटीतलं तेल कोमट होईतो तिला पुढचं सगळं दिसलं. माई घरी राहणार, म्हणजे आपण घरी राहणार. म्हैसूरला बाकीचे जातील. तांदूळ तेवढे आपण बांधून द्यायचे. तिला रडू आलं नाही, नुसता शीण आला.

बाहेर मुकुंद म्हणत होता, "मग आता वच्छला..."

"ती नको," माई म्हणाल्या.

वच्छला वाटी घेऊन दारातच थांबली.

"तिचा हात म्हणजे दगड आहे," माई म्हणाल्या. "इतकी वर्षं सोसलं, बोलले नाही. हाताला गुण म्हणून नाही. मला प्रेमला पाहिजे. पोटची लेक ती पोटची लेक."

प्रेमलाचा चेहरा आधी पडला, मग फुलला, आणि वहिनीकडं बघून पुन्हा पडला. आईनं तिचं असं कौतुक जन्मात केलं नव्हतं.

"माई, असं काय बोलतेस गं?" ती पुटपुटली. "वहिनीनं एवढं केलं तुझं."

"केलं की. म्हणून काय गुण आला? तू राहा आठ दिवस माझ्यापाशी. राहशील ना?"

"राहीन की. हे काय विचारणं झालं?"

"मग आम्ही पोरांना घेऊन..." वेणीमाधवांनी सुरुवात केली.

"जावईबापू, लेक इथं आणि तुम्ही पोरांना घेऊन परमुलखात? भूक लागली की बापाकडं बघतील ती. त्यापेक्षा इथंच जेवायला या, पोरांसकट. प्रेमला रांधेल." माईंनी मुकुंदकडं मान वळवली. "आणि तुला कचेरी आहे. पास तेवढा निघालाय. वाया घालवू नको. जाऊ दे हिला. नाहीतरी इथं काय उपयोग हिचा?"

वच्छलाच्या हातातली वाटी कलली. दगड. वीस वर्षं. डोळे भरून आले तसे तिनं पदर तोंडाशी धरला. जायला मिळणार हे तिच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. दगड तेवढा पोचला होता.

प्रेमला शेकायला फडकं आणायला आत गेली. मुकुंद आणि वेणीमाधव ओशाळून ओट्यावर गेले. वच्छलानं वाटी बाजेपाशी ठेवली आणि वळली.

"किती डाग नेणार?" माईंनी हळूच विचारलं.

"एकच," वच्छला कशीबशी म्हणाली. "पिशवी."

"तेवढंच बरं. एक डाग हातात राहतो. त्याच्यापाशी कुणाला बसावं लागत नाही."

वच्छलानं वळून पाहिलं. माईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं होतं. तो गुडघा वच्छलाला जितका माहीत होता तितका खुद्द माईंनाही नसेल. दुखायला लागला की गुडघ्याच्या वाटीच्या डाव्या अंगाला कशी सूज धरते, कातडी कशी ताणते, हात लावायच्या आत कसं कळतं. गुडघा साफ होता. सूज नाही, काही नाही. सुरकुत्यासुद्धा जागच्या जागी होत्या.

"माई," ती म्हणाली.

"बघतेस काय? हो पलीकडं, प्रेमला येईल."

कोजागिरीनंतरच्या तिसऱ्या दिवशी वच्छला निघाली. मुकुंद स्टेशनवर सोडायला येणार म्हणून सायकल पुसत होता. शरणम्मानं पिशवीत चार पेरू टाकले आणि भाचीला सांगायचे निरोप कानडीत तिच्याकडून दोनदा म्हणून घेतले. आत प्रेमला पदर खोचून माईंच्या गुडघ्याला तेल लावत होती. तिचा हात खरोखरच जड होता. माई डोळे मिटून सोसत होत्या.

"काय हलका हात आहे माझ्या लेकीचा," त्या म्हणत होत्या.

वच्छला नमस्काराला वाकली. पायांना हात लावला आणि मग क्षणभर त्याच हातानं गुडघा झाकला. माई "आई गं" म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्यानं.

"येते मी," वच्छला म्हणाली. "तुमचं पथ्यपाणी सगळं वन्संना..."

"जा बाई," माईंनी डोळे न उघडता म्हटलं. "तुझं इथं काही काम नाही."

"जाणाऱ्या माणसाला असं बोलतात का गं?" प्रेमला कळवळून म्हणाली.

वच्छला मात्र हसत होती, आणि डोळ्यांतून येणारं पाणी पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.