माळ उतरते, कावीळ जाते

बिरवाडीच्या त्या चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. "वाढली गो, माळ वाढली!" शेजारची ठमाबाई ओरडली आणि बायकांनी हात जोडले. काल रखमाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली काड्यांची माळ आज गळ्यात उतरली होती.

काविळीची माळ घालणाऱ्या मालोजीबुवांची छाती फुगली. "माळ कावीळ खाते अन् वाढते! बेंबीखाली उतरली की पेशंट खडखडीत. फक्त दवाखान्याची सुई टोचायची नाय. माळ रुसते!"

रुसणारी माळ! पण रखमाच्या नवऱ्याला, चांगूला, हसू कुठून येणार? रखमा पोटुशी, आणि डोळे पिवळेजर्द. कारखान्यात नोकरी लागल्यावर पोलादपूरच्या डोंगरातून त्याने तिला हौसेने इथे आणलं होतं.

शेजारच्या खोलीतल्या नीलाबाई शाळेत शिकवत. त्या म्हणाल्या, "चांगूभाऊ, पोटुशीला कावीळ फार वाईट. आजच महाडला दवाखान्यात न्या."

"माळ उतरतेय ना बाई. अजून थोडं बघू."

माळ रोज उतरत गेली. रखमा आधी बरळू लागली, मग चांगूलाही ओळखेना. माळ बेंबीखाली आली त्या दिवशी ती गेली, पोटातल्या बाळासकट. "कावीळ मी काढली होती," बुवा म्हणाले, "आयुष्यच सरलं, त्याला मी काय करू?"

प्रेत उचलताना कुणीतरी माळ खुंटीला अडकवली होती. दिवसकार्य उरकून चांगू खोलीत आला, तर ती आणखी वीतभर लांबलेली.

"बाई," त्याने नीलाबाईंना हाक मारली, "भिंतीला कुठली कावीळ?"

नीलाबाईंनी माळ हातात घेतली. "ओल्या काड्यांना दोऱ्याचे फास आवळलेत. काडी वाळून बारीक होते, फास सैल पडतो, दोरा सुटत जातो. कुणाच्याही गळ्यात वाढेल." मग त्यांनी दारातून चाळीच्या विहिरीकडे बोट दाखवलं. "तुमच्या गावात झरा वर, घरं खाली. इथे खोल्यांवर खोल्या चढल्या, संडासाचे खड्डे विहिरीला खेटून खणले. त्यांची घाण विहिरीत झिरपते, आणि कावीळ त्या पाण्यातून येते."

चांगू भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

पुढच्याच आठवड्यात ठमाबाईच्या गरोदर सुनेचे डोळे पिवळे झाले. बुवा ताजी माळ घेऊन हजर, गर्दीही हजर. चांगू दारात आडवा उभा राहिला.

"मावशी, ही माळ आधी खुंटीला टांगून बघा. तिथंबी वाढेल. पाणी उकळून प्या, अन् सुनेला आत्ताच्या आत्ता महाडला न्या. देवाला माना, नायतर नका मानू. पण कुणी काय सांगितलं, तर असं कसं होतं म्हणून विचारा तरी. माझं विचारायचं राहून गेलं."

बुवा काहीतरी पुटपुटले. ठमाबाईने सुनेचा हात धरला आणि ती एसटीच्या थांब्याकडे निघाली.