पाठमोरा वर्ग

“थांबा गं! सगळ्यांनी हातातलं खाली ठेवा,” आकाइती म्हणाली.

पडद्यावरच्या नऊ पोरी थबकल्या. ऑकलंडच्या त्यांच्या शाळेत बुधवारची दुपार होती; इथे, प्रशांत महासागरातल्या तोंगारेवा बेटावर, अजून मंगळवारच होता. सहा आठवड्यांपूर्वी वर्गात चौदा जणी होत्या.

“मोएरोआ, टोपी वर धर बघू.”

मोएरोआने टोपी उचलली आणि माथ्याची वीण तिच्या हातातच सुटली. कोवळ्या झावळीच्या पांढऱ्याशुभ्र पाती मांडीभर पसरल्या.

“आजी, माझे हातच मेले लाकडाचे आहेत.”

“हातांना नावं ठेवू नकोस. तुझ्या पणजीचे आहेत ते.”

पोरी हसल्या. त्यांच्या बाई, उपोकोइना, मात्र हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्या एकट्याच पडद्यासमोर थांबल्या.

“आजी, सत्र संपायला तीनच आठवडे राहिले. एकही टोपी पुरी झाली नाही, तर पुढच्या वर्षी शाळा हा विषय ठेवणार नाही.”

आकाइतीने मान डोलावली. माथ्यावर फूल फिरवायची ती वीण तिच्या आईची. बेटावर आता दोनशे माणसं उरली होती आणि त्यांत ती वीण येणारी आकाइती एकटीच. शिकायच्या वयाची बोटं सगळी ऑकलंडला गेलेली. हा वर्ग मोडला, की वीण तिच्याबरोबर मातीत जाणार होती.

सभागृहातला संगणक सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ रुआ वायरी गुंडाळत होता.

“रुआ, ये, बस समोर. टोपी विण.”

“मी? ताई, गावातले पुरुष मला होडीत घेणार नाहीत!”

“बस म्हणते ना. उजवी पात डावीवर टाक.”

रुआने तिच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. पुन्हा तिच्या. “सांगतेस उजवी, आणि मला समोरून तुझा हात दिसतो डावीकडे. आता तुझं ऐकू की तुझं बघू?”

आकाइतीच्या हातातली पात तशीच राहिली.

निम्म्या पोरी ऐकत होत्या, निम्म्या बघत होत्या, आणि मोएरोआसारखी गुणी पोर बिचारी दोन्ही करत होती. वीण टिकणार कशी?

तिला आईची चटई आठवली. आई कधी समोर बसलीच नाही. मांडीला मांडी लावून शेजारी बसायची. चुकलं की कोपराने ढोसायची. विणताना आईचा चेहरा कसा दिसायचा, हे आकाइतीला आजही सांगता आलं नसतं. हात मात्र रेघ न् रेघ आठवत होते.

पुढच्या मंगळवारी ती पडद्याकडे पाठ करून बसली. मासे मारायच्या काठीला कॅमेरा बांधून रुआने तो तिच्या खांद्यावरून पुढे काढला.

“पाहुण्यांना पाठ दाखवायची? बरं दिसतं का ते?” तो कुरकुरला.

“पाहुण्या कुठल्या? शेजारी बसल्यात त्या माझ्या.”

आता तिला एकही चेहरा दिसत नव्हता. तिला कळेना, पोरी आहेत की उठून गेल्या. ती भिंतीकडे बघत सांगत राहिली. बराच वेळ मागून नुसती सळसळ येत होती.

“आजी!” मोएरोआ किंचाळली. “बसली! वीण बसली!”

“ओरडू नकोस. पुढची घे.”

त्या दिवशी मागे वळून बघायचा मोह तिने आवरला. पुढच्या मंगळवारीही.

सत्राच्या शेवटच्या दिवशी उपोकोइना बाई म्हणाल्या, “आजी, आता वळा.”

आकाइती वळली. पोरी ओळीने उभ्या होत्या आणि माथा दिसावा म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. चेहरे आताही दिसत नव्हते. दिसत होत्या नऊ पांढऱ्या टोप्या आणि नऊ माथ्यांवर एकाच दिशेने फिरलेली नऊ फुलं.

रुआने हळूच आपली टोपी काढून हातात घेतली.

आकाइती पडद्याच्या अगदी जवळ गेली. डोळे बारीक करून तिने एकेक टोपी न्याहाळली.

“डावीकडून तिसरी,” ती म्हणाली, आणि तिने पडद्यावर बोट टेकवलं. “तिसरी कोण गं? काठ सैल आहे. उसव आणि पुन्हा विण.”