पहिल्या जागेवरून चौथा

सलग तिसऱ्या शर्यतीत अनुप पहिल्या जागेवरून सुटला आणि चौथा आला. आला तो थेट बापावर घसरला. "बाबा, इंजन गरम होऊन राह्यलं तुमचं. मी काय करू?"

प्रेमदास मिस्त्रींनी पाना उचलला. नाचणगावात तीस वर्षं गॅरेज चालवणारा हा माणूस तेच इंजिन तिसऱ्यांदा उघडून बसला. गिऱ्हाइकंही आता चेष्टेने विचारायची, "मिस्त्री, हात थकला काय?" बापाची ती खाली गेलेली मान अनुपच्या बहिणीला, दीपमालाला, बघवत नव्हती.

हिंगणीजवळच्या माळावरच्या या मोटार शर्यतींत वेळ टिपायचं काम तीच करायची. शनिवारी प्रत्येकजण एकेकटा गाडी पळवणार, त्या वेळेवरून रविवारची उभं राहायची जागा ठरणार. तिने तिन्ही वेळचे कागद काढले आणि शनिवारची जागा व रविवारचा निकाल शेजारी शेजारी लिहिला. अनुप दर वेळी पहिल्यावरून चौथा. दुसऱ्या जागेवरून सुटणारा आयोजकाचा पुतण्या दर वेळी पहिला.

मग तिने एकेका चकरेची वेळ पाहिली. सहाव्या चकरेत अनुप अचानक ढिला पडायचा आणि पुतण्या पुढे निघायचा. आणि शेवटची चक्कर? तिन्ही रविवारी सगळ्यांत वेगवान अनुपचीच! तापलेलं इंजिन असं पळतं होय? दीपमालाला सख्ख्या भावाची किळस आली. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

तिने कागद बापापुढे धरला. "बाबा, शेवटची चक्कर त्याचीच सगळ्यात जोरात हाये."

"म्हंजे इंजन चांगलं हाये?" प्रेमदासांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. मग त्यांच्या ध्यानात सगळं आलं आणि त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

दोघांनी विचारल्यावर अनुपने फार आढेवेढे घेतले नाहीत. "त्या आयोजकानं मले नोकरीवर लावतो म्हटलं. पुतण्याले पुढं जाऊ दे म्हणे."

"मंग जाऊ द्याचं होतं. माह्या इंजनाले काऊन बदनाम केलं?"

अनुपने खांदे उडवले. "काही तं सांगा लागत होतं ना, बाबा."

इतकंच. दीपमालाला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

प्रेमदासांनी गाडी गॅरेजबाहेर ढकलली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली.

"आयका!" प्रेमदास ओरडले. "हे माह्या हातचं इंजन. अन् त्याले मुद्दाम हरवणारा हा माहा पोरगा."