शेवटची सोळा पानं

मोहाडीच्या हायस्कुलात पहिला नंबर कोणाचा, हे पाचवीपासून नववीपर्यंत कोणाला विचारावं लागलं नाही. कृष्णरावांच्या चंद्रकांताचा. कृष्णराव धानाचे शेतकरी, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. मुलीच्या अभ्यासाचं वेळापत्रक त्यांनी आपल्या हातानं आखून छपरीतल्या खांबाला चिकटवलं होतं. पहाटे पाच ते सहा पाठांतर, सहा ते सात गणित, शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन इतिहास-भूगोल. चंद्रकांता आंगणात येरझारा घालत मोठमोठ्यानं पाठ करायची. शेजारच्या आनंदाबाई पाणी भरता भरता सांगू शकायच्या, की पोरीचा कोणता धडा चालू आहे आणि किती उरला आहे.

हे तिला आवडायचं की नाही, असा प्रश्न कोणी विचारला नाही आणि तिलाही पडला नाही. अंघोळ करावी तसा अभ्यास करायचा. पुस्तक म्हणजे संपवायची गोष्ट. संपलं, की पुढचं.

सन अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला आणि मागच्या बाकावर एक नवी मुलगी दिसली. तिचं नाव धुरपता. बाप मंगरू चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत कामाला, आई-बाप तिथंच खाणीच्या कॉलनीत. मोहाडीला बौद्धांच्या वस्तीत तिची मावशी रुखमा एकटीच राहत होती, तिला सोबत म्हणून भाचीला इकडे पाठवलं होतं. रुखमा आठवडी बाजारात फुटाणे-मुरमुरे विकायची.

पहिल्या चाचणीत चंद्रकांताच पहिली आली. धुरपता बीजगणितात कशीबशी काठावर पास झाली होती. पण मराठीचे हिरालाल सर पेपर वाटायच्या आधी एक पेपर हातात धरून उभे राहिले आणि त्यांनी निबंध वाचायला सुरुवात केली. ‘आमच्या गावचा बाजार’. चंद्रकांताला वाटलं आपलाच. तिनं गाईडातला निबंध एका स्वल्पविरामाची चूक न करता उतरवला होता. पण सर वाचत होते ते वेगळंच होतं. त्यात एक म्हातारी बाजारात एकच कोंबडी घेऊन बसली होती आणि गिऱ्हाईक आलं की कोंबडीचे दोष सांगत होती, कारण तिला ती विकायची नव्हती. वर्ग हसला. मग म्हातारी कोंबडी काखेत मारून घरी निघाली, तेव्हा वर्ग गप्प झाला. सरांनी पेपर मिटला आणि नाव घेतलं धुरपताचं.

त्या दिवसापासून चंद्रकांताच्या पोटात दुखू लागलं.

मार्क जास्त मिळाले असते तर तिनं समजून घेतलं असतं. तिनं आणखी एक तास वाढवला असता. पण ही मुलगी काही करताना दिसतच नव्हती. पाठ करत नाही, वेळापत्रक नाही, मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून काहीतरी वाचते आणि एकटीच हसते. त्या हसण्याचा चंद्रकांताला जास्त राग यायचा. एकदा तिनं विचारलंच, की रोज अभ्यास किती तास करते. धुरपतानं विचार करून सांगितलं, की रोज असा होत नाही, मावशीचं काम असते. चंद्रकांतानं ओळखलं, ही लपवते आहे. हुशार मुली लपवतात. ती स्वतःही लपवायची.

म्हणून एका रविवारी वही मागायच्या निमित्तानं ती रुखमाच्या घरी गेली. आई कौशल्याबाईला सांगितलं नाही. ती त्या वस्तीत गेलेलं आईला खपलं नसतं. बघायचं एवढंच होतं, की धुरपता कोणतं गाईड वापरते. दारातच रद्दीचा ढीग पडला होता. जुनी वर्तमानपत्रं, फाटकी मासिकं, कोणाच्या तरी वह्या. रुखमा बाजाराच्या पुड्यांसाठी रद्दी आणायची, आणि कागदाची पुडी व्हायच्या आधी धुरपता तो वाचून घ्यायची. त्या ढिगात मांडी घालून ती एका गोष्टीचं दुसरं पान शोधत होती. चंद्रकांताला पाहून तिला आनंद झाला. तिनं बसायला जागा करून दिली, मुठीत मुरमुरे दिले आणि तीही पानं शोधू लागेल असं गृहीत धरून अर्धा ढीग तिच्यापुढे सरकवला. गाईड त्या घरात एकही नव्हतं.

चंद्रकांता मुरमुरे न खाता परतली. वाटेत तिनं ते बदकांना टाकले.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे हिरालाल सरांच्या ताब्यातलं एक लाकडी कपाट. शनिवारी शेवटच्या तासाला ते उघडायचं. एका मुलाला एक पुस्तक, आठ दिवसांसाठी. त्यात एक जाडजूड कादंबरी होती. तिचं कव्हर आणि सुरुवातीचं पान गेलेलं, नाव कोणाला माहीत नाही. सरांनी तिला खाकी पुठ्ठा लावून वर नुसता नंबर टाकला होता. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची, सरूची होती. बाप एके दिवशी नाव सोडून निघून जातो, आणि ती एकटी नदीनं खाली खाली त्याला शोधत जाते. धुरपतानं ती धानाच्या रोवण्याच्या सुट्टीनंतर नेली आणि मधल्या सुट्टीत मुलींना सांगू लागली. रोज थोडं. चंद्रकांताच्या बाकावरच्या दोघीही तिकडे जाऊन बसू लागल्या.

निम्मी कादंबरी झाली आणि चिखल्याहून निरोप आला, की बाप तापानं पडला आहे. धुरपतानं जाण्याआधी पुस्तक परत केलं, कारण नियम तसा होता. त्याच शनिवारी चंद्रकांतानं हात वर केला आणि तो नंबर मागितला.

हिरालाल सरांनी चष्म्यावरून पाहिलं. पाच वर्षांत या मुलीनं कपाटातलं एकही पुस्तक मागितलं नव्हतं. ते इतके खूश झाले, की त्यांनी वर्गाला सांगितलं, पहिल्या नंबरच्या मुलीलाही आता गोडी लागली. चंद्रकांतानं पुस्तक घरी आणलं आणि पेटीत हिवाळ्याच्या चादरीखाली ठेवून दिलं. आठवडा झाला, तिनं सरांना सांगितलं अजून व्हायचंय. दुसरा झाला, तेच सांगितलं. सर म्हणाले, सावकाश वाच.

धुरपता परत आली ती वाळून. बाप बरा झाला होता. तिनं कपाट पाहिलं, देवघेवीच्या वहीत नाव पाहिलं, आणि चंद्रकांताला वाटलं होतं तशी ती चिडली नाही. उलट सुट्टीत जवळ येऊन बसली.

“तू वाचून राहिली, बरं झालं. सरूचं पुढे काय झालं, सांग ना वं.”

चंद्रकांतानं तोंडात आलं ते सांगून टाकलं. सरू मरते, नदीत बुडून.

घंटा झाली तशी धुरपता उठून गेली. चंद्रकांताला त्या दिवशी बरं वाटलं, भाजी-भाकर गोड लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपता शाळेच्या फाटकातच उभी होती.

“तू पुस्तक वाचलंच नाई,” ती हळूच म्हणाली. “सरूले पोहता येते. दुसऱ्याच पानावर लिवलं हाय. काहून खोटं सांगतं?”

चंद्रकांता तिला ओलांडून आत गेली. घरी आल्यावर तिनं वेळापत्रकाकडे न पाहता पेटी उघडली. सरू कुठंतरी बुडते, निदान बुडता बुडता वाचते, असं एखादं पान तिला हवं होतं. म्हणजे फाटकात उभ्या राहणाऱ्या मुलीच्या तोंडावर ते मारता आलं असतं. मधूनच उघडलं तर कोण कोणाशी बोलतंय कळेना. मग पहिल्यापासून घ्यावं लागलं. सवयीनं तिनं पेन्सिल हातात घेतली आणि महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा मारू लागली. दहा-बारा पानांनी पेन्सिल कुठं पडली, तिला कळलं नाही.

दोन दिवस इतिहास तसाच राहिला. आनंदाबाईंनी कौशल्याबाईला विचारलं, पोरीचा घसा बसला काय. कौशल्याबाईनं कपाळाला हात लावून पाहिला. कृष्णरावांना मात्र छपरीतून सगळं दिसत होतं. दहावीच्या वर्षाला गोष्टीचं पुस्तक, एवढंच ते म्हणाले आणि धानाच्या बांधीकडे निघून गेले. चंद्रकांतानं मान वर केली नाही.

तिनं कादंबरी संपवली तेव्हा दुपारचं ऊन आंगणात होतं. सरूला बाप सापडत नाही. ती नाव उलट दिशेनं वल्हवत आपल्या घाटावर येते, दोर बांधते, आणि पलीकडच्या काठावरून कोणीतरी उतारू तिला हाक मारतो. बस्स. चंद्रकांता तशीच बसून राहिली. एकही वाक्य तिनं पाठ केलं नव्हतं आणि सगळं तिच्या ध्यानात होतं.

खरं तर हा आनंदाचा क्षण असायला हवा होता. थोडा वेळ तो तसा होताही. मग तिला कडुनिंबाखाली एकटीच हसणारी धुरपता दिसली. इतके दिवस चंद्रकांता तिच्यावर जळत होती ते काय म्हणून, हे तिला नीट ठाऊक नव्हतं. आता कळलं. ही मुलगी हे रोज खात-पीत आली होती. फुटाण्याच्या पुड्यांतून, फुकट, कोणी पहिला नंबर न देता. आणि आपण पाच वर्षं आंगणात येरझारा घातल्या. सरूची गोष्टसुद्धा आधी तिची होती, आपल्याला मागाहून मिळाली. आता शनिवारी पुस्तक परत जाईल, ती ते नेईल, आणि हा शेवटही तिचाच होईल.

चंद्रकांतानं शेवटची सोळा पानं धरली आणि ओढली. जुनी शिवण होती, आवाजही फार झाला नाही. न्हाणीच्या चुल्ह्यात पाणी तापत होतं. तिनं पानं आत सरकवली आणि ती पूर्ण जळेपर्यंत तिथंच बसली.

शनिवारी पुस्तक परत गेलं. धुरपतानं लगेच घेतलं. मंगळवारी ती सरांकडे गेली आणि तिनं दाखवलं, की मागची पानं नाहीत. सरांनी चंद्रकांताला बोलावलं. चंद्रकांता म्हणाली, आधीपासूनच नव्हती. सरांनी मान डोलावली. पहिल्या नंबरच्या मुलीवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. धुरपता तिच्याकडे बघत होती. फार वेळ बघत होती.

पुढच्या शनिवारी कपाट उघडायच्या तासाला धुरपता उभी राहिली आणि तिनं विचारलं, मी शेवट लिहून आणला आहे, वाचू का. तिच्या वहीत सरू थकून परत फिरते. एका घाटावर एक आंधळा म्हातारा नावेत बसतो, पैलतीरी सोड म्हणतो. ती काही बोलत नाही, तोही बोलत नाही. मधल्या धारेत म्हातारा कान देऊन वल्ह्याचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, पोरी, वल्हं इतकं खोल मारू नकोस, मी तुला असं शिकवलं नव्हतं.

एक मुलगी रडत होती. हिरालाल सरांनी चष्मा काढून पुसला, ती वही मागून घेतली आणि सांगितलं, की ही पानं आपण पुस्तकाच्या मागे शिवून टाकू.

खरा शेवट अख्ख्या मोहाडीत एकट्या चंद्रकांताला माहीत होता. तो वेगळा आहे, असं ती ओरडून सांगू शकत नव्हती. आणि तिनंही शेवटपर्यंत जीव लावून ऐकलं होतं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

दहावीचा निकाल लागला. चंद्रकांता शाळेत पहिली, अठ्ठ्याहत्तर टक्के. कृष्णरावांनी गावभर पेढे वाटले. धुरपताला त्रेपन्न टक्के मिळाले होते. शाळेच्या आवारात तीच आपणहून जवळ आली आणि मनापासून म्हणाली, की तू फार मेहनत केली, तुले मिळायलाच पाहिजे होते. त्या बोलण्यात आकस औषधालाही नव्हता. तो असता तर चंद्रकांता कदाचित गप्प राहिली असती.

तिनं सांगून टाकलं. पानं मी फाडली. जाळली.

“मले वाटलंच होतं,” धुरपता म्हणाली. तिचा चेहरा लहान झाल्यासारखा दिसला. “पण तू जाळली असशील, असं नव्हतं वाटलं.”

चंद्रकांता घाईनं म्हणाली, की मला तो शेवट पूर्ण ध्यानात आहे, आत्ता सांगते, एक शब्द चुकणार नाही.

“ठेव तुझ्यापाशीच,” धुरपता म्हणाली. “मी सरांना नाई सांगत. पण तू माझ्याशी बोलू नको आता.”

ती फाटकाबाहेर गेली. त्या उन्हाळ्यात ती चिखल्याला परतली, आणि चंद्रकांता भंडाऱ्याला शिकायला गेली.

पुढे चंद्रकांता मास्तरीण झाली आणि बपेऱ्याच्या शाळेत लागली. वाचायची सवय तिला सुटली नाही. मुलांना ती पुस्तकं वाचून दाखवायची, आणि ते तिला चांगलं जमायचं. सन चौऱ्याऐंशीच्या एका सोमवारी ती तुमसरच्या स्टँडवर बपेऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभी होती. काखेत तपासलेल्या चाळीस वह्यांचा गठ्ठा होता. समोर चिखल्याची गाडी लागली होती आणि तिसऱ्या खिडकीत धुरपता बसली होती. अंगानं थोडी भरली होती, गळ्यात काळी पोत, मांडीवर पिशवी. पिशवीवर पुस्तक होतं.

हाक मारावी, हे चंद्रकांताला सुचलं नाही. पाच वर्षांनंतर दिसलेल्या माणसाबद्दल पहिलं मनात आलं ते हे, की ती काय वाचते आहे. ती दोन पावलं पुढे सरकली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, नाव दिसत नव्हतं.

धुरपतानं मान वर केली. तिनं ओळखलं. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग धुरपतानं मान किंचित हलवली, हसली नाही, आणि परत पानात गेली. दोन ओळी वाचून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हाललं. ते पुस्तकासाठी होतं.

कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघाली. चंद्रकांताच्या पोटात तेच जुनं दुखणं उठलं. ती टाचा उंच करून खिडकीकडे बघत राहिली. बपेऱ्याची गाडी मागं येऊन लागली तरी तिला कळलं नाही, आणि जागा धरायला धावणारी माणसं तिला धक्के देत पुढे गेली.