चौकटीतलं वाक्य

दर रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत मुलीच्या नावानं पुस्तकांचा जो स्तंभ छापून यायचा, त्यातली निम्मी मतं आईची असायची. हे गुपित मुलीचं होतं, आणि आपल्या घरात तेवढं एकच गुपित आहे अशी तिची समजूत होती.

आई शाळेत शिवण शिकवायची. निवृत्त झाली, गुडघे गेले, तशी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. मुलगी वर्तमानपत्रात उपसंपादक. वाचनालयातून पुस्तकं आणायचं काम तिचं, आणि आईला पुस्तकं हवी असायची ती एकाच जातीची. घर, घरात माणसं, माणसांच्या पोटात काहीतरी सडत असलेलं. प्रेमकथा दिली की आई ती दोन बोटांत धरून परत करायची.

"कुटुंबाची काळी गुपितं लिहितात म्हणे," ती मलपृष्ठ वाचून नाक मुरडायची. "पावशेर अंधार, त्यावर चिमूटभर पाऊस, मधोमध एक वेडी काकू. झाली कादंबरी."

"मग वाचतेस कशाला?"

"कुणाला तरी नीट जमतंय का बघायला. या लोकांना वाटतं, गुपित म्हणजे माळ्यावरची पेटी. कुणीतरी चढायचं, कुलूप तोडायचं, की खाली सगळे रडायला मोकळे. अगं, गुपित माळ्यावर नसतं. ते रोज आपल्या पंक्तीला बसतं आणि मीठ मागतं."

"मग लेखकानं लिहायचं काय?"

"मीठ वाढणारा हात लिहावा."

मुलगी हे टिपून घ्यायची. कार्यालयात लोक म्हणायचे, बाईंच्या लिखाणाला धार आहे. ती हसून मान डोलवायची.

आईची आणखी एक खोड होती. कुठल्याही कादंबरीचं शेवटचं प्रकरण ती वाचायची नाही. तिथवर हपापल्यासारखी यायची आणि पुस्तक मिटायची. "शेवटाला लेखक घाबरतो," ती म्हणायची. "वाचकाला घरापर्यंत सोडायला येतो. मला नको सोबत. माझी मी जाईन." वाचनालयातला ग्रंथपाल थट्टा करायचा, तुमच्या आईंनी नेलेलं पुस्तक मी डोळे मिटून ओळखतो, शेवटची पानं नव्या नोटेसारखी करकरीत असतात. ही खोडही मुलीनं एकदा स्तंभात स्वतःची म्हणून खपवली होती.

मग ती कादंबरी आली. बक्षीस मिळालेली, सगळीकडे गाजत असलेली. दोन बहिणी, एक तळं. थोरलीचा मुलगा तळ्यात बुडतो. बुडताना तो किंकाळी फोडतो, सगळं गाव धावतं, आणि काठावर धाकटी बहीण नुसती उभी असते. खापर तिच्यावर फुटतं. पुढची तीनशे पानं तेच.

आई ती वाचताना चिडली. गुरुवारी मुलगी घरून काम करायची, संध्याकाळी मजकूर द्यायचा असायचा. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पहिला परिच्छेद काही केल्या जमत नव्हता.

"लिही," आई खुर्चीतून म्हणाली. "बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याशी असतं, श्वासाला जागा नसते, ओरडणार कुठून? पाणी फक्त हलतं. आणि लांबून ते खेळल्यासारखं दिसतं. बघणारा एकदा बघतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. या लेखकानं आयुष्यात पाणी पाहिलेलं नाही."

मुलीनं शब्दन् शब्द टंकला. घड्याळ पुढे पळत असताना वाक्य आयतं मिळालं, तर कुणी त्याची जन्मपत्रिका काढत बसत नाही. पुरवणीच्या संपादकाला ते इतकं आवडलं की त्यानं ते मोठ्या अक्षरात चौकटीत टाकलं. "बाई, लाखातलं वाक्य आहे," तो म्हणाला.

वास्तविक तिला थांबायला हवं होतं. तिचा एक दादा होता, तिच्या जन्माआधी गेलेला. जुन्या घराच्या मागच्या अंगणात हौद होता, त्यात. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि ती नेहमी एकाच पद्धतीनं सांगितली जायची. आई स्वयंपाकघरात होती. पोराला धाकट्या मावशीच्या हवाली केलं होतं. मावशी त्याला टाकून गच्चीवर गेली. मग आईनं किंकाळी ऐकली आणि ती धावली. एवढी किंकाळी फुटली तरी मावशी खाली आली नाही.

किंकाळी त्या गोष्टीचा खिळा होती. सगळं तिला टांगलेलं होतं. मुलीनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की तिला ती ऐकू येईनाशी झाली होती.

त्या दिवसानंतर मावशीच्या हातात कुणी मूल दिलं नाही. तसा कुणी नियम केला नव्हता. पण ती आली की बायका सहज केल्यासारखं आपापली पोरं कडेवर घ्यायच्या. जमत आलेली सोयरीकही मोडली. मावशी लांबच्या गावी मुलींच्या वसतिगृहात अधीक्षक म्हणून गेली आणि तिथेच पिकली. बहिणीकडे क्वचित यायची, आली तरी पाहुणीसारखी दाराजवळच्या खुर्चीत बसायची.

पुढच्या गुरुवारी, दुपारी, ती दारात उभी राहिली. अंगावर प्रवासाची साडी, हातात पिशवी नाही.

"फोन तरी करायचास, मावशी."

"फोन केला असता, तर तुझी आई झोपलेली निघाली असती," मावशी म्हणाली. आत येऊन तिनं पर्समधून पुरवणीचं पान काढलं, चौकट वर येईल अशी घडी घातलेलं. "हे तुझं?"

मुलगी खोटं बोलू शकली असती. तिची सवयच होती ती. पण मावशीच्या चेहऱ्याकडे पाहून तिला ते जमलं नाही. "आईचं आहे. मी नुसतं लिहून घेतलं."

मावशीनं मान हलवली, जसं काही गाडी वेळेवर असल्याचं कळलं असावं. मग ती खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसली.

"ताई, किंकाळी नव्हती तर."

आईनं बोट घालून मांडीवरचं पुस्तक मिटलं. तीच कादंबरी होती, परत करायची राहिलेली. "पुस्तकात आहे. तेच चुकलंय म्हटलं मी."

"पुस्तकाचं बोलतेयस तू?"

"मग कशाचं?"

"बरं. पुस्तकाचंच बोलू." मावशीनं पदर सावरला. "मग त्या धाकटीला ऐकू का आलं नाही?"

"नव्हतंच, तर येणार काय?"

"तिला लोक म्हणाले, बहिरी आहेस की खोटारडी. तिनं कान तपासून घेतले, ताई. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहेत. मग उरलं काय? खोटारडी." मावशीचा आवाज चढला नाही. "वसतिगृहात एखादं पोर झोपेत कण्हलं, तरी मी भिंतीपलीकडून उठायचे. मुली हसायच्या, मॅडमना पाल चुकचुकलेली कळते म्हणून. मी जन्मभर कान टवकारून झोपले. मला वाटायचं, आली असेल किंकाळी. मीच ऐकली नसेल."

मावशी 'मी' म्हणाली होती. आई म्हणाली नाही. तिचं बोट पानांत तसंच होतं.

"थोरली स्वयंपाकघरात होती म्हणे," मावशी म्हणाली.

"छे. स्वयंपाकघरातून पाणी दिसत नाही. लेखकाला घराचा नकाशा ठाऊक नाही. ती मागच्या पायरीवर असणार. तिनंच धाकटीला सांगितलं असणार, तू वर जा, कपडे वाळत घाल, मी आहे इथे."

"आणि हातात काय होतं तिच्या?"

आईनं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"पुस्तक," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण. तिनं एकदा मान वर केली. पाणी हलत होतं. तिला वाटलं, खेळतोय. मग पान उलटलं."

मुलगी टेबलाशी उभी होती. शेल्फवर आईनं अर्धवट सोडलेल्या, वाचनालयाला परत करायच्या पुस्तकांची रांग होती, शेवटच्या करकरीत पानांची. तिला तिकडे बघवलं नाही.

"मग किंकाळी आली कुठून?"

"नंतर. माणसं जमल्यावर. कुणीतरी विचारलं, तुला कळलं कसं? काहीतरी सांगायला हवं होतं."

"आणि धाकटी?"

"धाकटी तरुण होती. निभावून नेईल, असं वाटलं असेल."

"नाही नेता आलं."

मावशीनं हात पुढे केला. "आण ते इकडे. शेवट काय केलाय?"

"मी शेवट वाचत नाही."

"ठाऊक आहे. मी वाचते."

आणि तिनं तो वाचला, मोठ्यानं, वसतिगृहात सूचना वाचल्यासारखा सपाट आवाजात. शेवटच्या प्रकरणात दोन म्हाताऱ्या बहिणी तळ्याकाठी भेटत होत्या. थोरली सगळं कबूल करते. धाकटी तिचे डोळे पुसते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि पाण्यावर ऊन चमकतं. आई डोळे मिटून ऐकत होती. ऊन चमकल्यावर मावशीनं पुस्तक मिटलं.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"मग मी काय म्हणते? घाबरतो लेखक."

कित्येक वर्षांत दोघी बहिणींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मावशी उठली. आईचे डोळे ओले होते. मावशीनं ते पाहिले, पण पुसले नाहीत.

दाराशी चपला घालताना ती भाचीला म्हणाली, "मला माफीबिफी नकोय. तुमच्या चौकटीला लोक वा वा म्हणाले असतील. ते वाक्य माझं होतं. मी घसा सुकेपर्यंत तेच सांगत होते सगळ्यांना, काही ऐकू आलं नाही, काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं तेव्हा ते खोटं होतं. हिनं म्हटलं तर साहित्य झालं."

"थांब ना मावशी. चहा तरी..."

"गाडी आहे," मावशी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दार लावून मुलगी आली, तेव्हा फोन वाजत होता. पुरवणीचा संपादक. "बाई, मजकूर? पान थांबलंय." देते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिच्यासमोर दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं अर्धं परीक्षण पडलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता तिला आपलं वाटेना.

"ते पूस," आई म्हणाली. "मी सांगते, ते लिही."

मुलगी बसली.

"गेल्या रविवारच्या पुस्तकात धाकटी बहीण काठावर दाखवली आहे. ती तिथं नव्हती. ती गच्चीवर होती. तिला मुलाच्या आईनंच वर पाठवलं होतं. मूल ओरडलं नाही. कुणालाच काही ऐकू आलं नाही. आई पायरीवर बसून कादंबरी वाचत होती."

मुलीचे हात थांबले. "आई, हे परीक्षण नाही."

"ते मला शिकवू नकोस. खाली माझं नाव घाल. पूर्ण घाल, सासरच्या आडनावासकट."

"काका वाचतील. काकू वाचतील. सगळं घर दर रविवारी वाचतं."

"त्यांच्यासाठीच आहे."

"तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, आई."

"तिच्याशी कोण बोलत होतं?"

मुलीनं टंकलं. नावापाशी आली तेव्हा ती आईकडे वळली, एकदा तरी ही नको म्हणेल म्हणून. आईनं मान हलवली नाही. मुलीनं नाव लिहिलं आणि मजकूर पाठवून दिला.

थोड्याच वेळात फोन आला. संपादकाचा आवाज बदललेला होता. "बाई, हे... हे असंच जाऊ दे? नक्की?"

"नक्की."

मग, त्याला दुसरं काय विचारावं ते सुचलं नसावं, म्हणून त्यानं रोजचं विचारलं. "चौकट कुठल्या वाक्याची करू?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं कादंबरी शेवटच्या प्रकरणापाशी उघडली होती. ती वाचत नव्हती. करकरीत पानावर तिनं तळवा पालथा दाबून धरला होता, खालचं काहीतरी वर येऊ नये म्हणून दाबावा तसा.

"चौकट नको," मुलगी म्हणाली. "सगळं एकाच अक्षरात जाऊ दे."