तिसरं कोटेशन

"बाबूजी, लैपटॉप लेना है कि टेंडर निकालना है?" योगेंद्रने काउंटरवरूनच विचारलं, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिस्सकन हसली.

अच्युत हसला नाही. "लेटरहेड पे लिख के दीजिए. मॉडल, दाम, वारंटी. नीचे मुहर. और ये दाम कब तक चलेगा, वो भी."

"शनिवार तक. सोमवार को नया माल आएगा, महँगा. लेना है तो अभी ले लो."

अर्ध्या तासापूर्वी पलीकडच्या दुकानदाराने नेमकं उलट सांगितलं होतं: थांबा, सेल येतो आहे, भाव उतरेल. एक म्हणतो आत्ता घ्या, दुसरा म्हणतो थांबा. अशा वेळी काय करायचं असतं ते अच्युतला तीस वर्षं ठाऊक होतं. तिसऱ्याला विचारायचं.

शेजारी उभी असलेली क्षमा, त्याची मुलगी, मांडून ठेवलेल्या लॅपटॉपच्या कळांवरून बोटं फिरवत होती. एकही कळ न दाबता.

"बाबा, इतवारला टेस्ट आहे माझी. आज गुरुवार आहे."

"माहीत आहे. तिसरं आलं की घेऊनच टाकू."

स्कूटरवर मागे बसताना तिने नेहमीसारखा त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. पहिलीत शाळेला जाताना ठेवायची, तिथेच. आता ती बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षं तिने प्रोग्राम वहीत लिहिले, मोबाइलवर चालवून पाहिले, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये जो कॉम्प्युटर रिकामा मिळेल त्याच्यावर उतरवले. रविवारची परीक्षा पुण्याच्या कंपनीची होती. घरूनच द्यायची, कॅमेरा लावून, खोलीत एकटीने बसून. मोबाइल चालणार नव्हता. मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा, तर मैत्रीणही त्याच वेळी त्याच परीक्षेला बसणार होती.

अच्युत सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात बाबू होता. तिथला नियम सोपा: तीन दुकानांचे लेखी भाव, म्हणजे तीन कोटेशनं, आल्याशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही. अठरा वर्षांपूर्वी एक मशीन बंद पडलं, सगळी लाइन थांबली, आणि त्याला लागणारं बेअरिंग गावात एकाच दुकानात होतं. अच्युतने ते आणलं आणि फायलीवर खरं ते लिहिलं: 'एकच कोटेशन. काम अडले आहे.' मशीन दुपारी सुरू झालं. चौकशी अकरा वर्षं चालली. बढती गेली, त्याच्या हाताखाली शिकलेले त्याचे साहेब झाले. ज्या साहेबाने 'जा, घेऊन ये' म्हटलं होतं, त्याला काही आठवत नव्हतं.

त्यानंतर अच्युतने खरं लिहिणं सोडलं. माल पुरवणारी पार्टी एकाच लिफाफ्यात तिन्ही कोटेशनं घेऊन यायची. एक स्वतःचं आणि दोन मेव्हण्या-चुलत्याच्या नावाची, जरा चढ्या भावाची. तिन्हींवर एकाच पेनाची शाई. अच्युतला ती लांबून ओळखू यायची. तो सही करायचा. या खोट्या सह्यांबद्दल त्याला कधी कुणी एक शब्द विचारला नाही. उलट 'खेडकर बाबू की फाइल एकदम क्लीन' म्हणून नाव झालं. हा असला देशभरचा धंदा, आणि त्याला म्हणायचं शिस्त!

घरी मात्र तो खरी कोटेशनं आणायचा. मिक्सरची, पंख्याची, गादीच्या कापसाचीसुद्धा.

"काहून, माझ्या वेळी आणली होती का तीन?" रात्रीचं ताट वाढताना त्याच्या बायकोने, शरयूने, विचारलं.

"आई, तू एल-वन असशील," क्षमा म्हणाली. सगळ्यात कमी भाव भरणाऱ्याला खरेदी विभागात एल-वन म्हणतात, हे या घरात पोरीलाही पाठ होतं.

"हसून काय राहिल्या?" अच्युत म्हणाला. "उद्या बाहेर तोच लॅपटॉप स्वस्त निघाला, तर कोण जवाब देईल?"

"कोणाला द्यायचाय जवाब?" शरयूने पळी भांड्यात आपटली. "घरात ऑडिट येते का तुमच्या?"

ते ऑडिट त्याच्या पोटातच बसलं होतं, अठरा वर्षं. ते हलत नव्हतं.

शुक्रवारी तो सुट्टी टाकून गोहलपुर भागातल्या दुकानांत गेला. पहिलं दुकान बंद होतं. मालक पनागरला लग्नाला गेलेला, मंगळवारी येणार. दुसऱ्याने हात जोडले: "भैया, हम लिख के नहीं देते. लेना हो तो ले जाओ." अच्युत उन्हात उभा राहिला. खिशात एटीएम कार्ड होतं, खात्यात पैसे होते. काचेपलीकडे लॅपटॉप होता. आत जायला त्याचा पाय उचलेना.

शनिवारी दुपारी क्षमाने एक कागद आणून त्याच्यासमोर ठेवला. गुळगुळीत लेटरहेड. 'विनता इन्फोटेक, गोहलपुर.' मॉडेल तेच. भाव योगेंद्रपेक्षा थोडा जास्त. खाली जांभळा शिक्का.

अच्युतने तो कागद उजेडात धरला. धरायची गरज नव्हती. विनता त्याच्या आईचं नाव होतं.

"खोटं आहे हे," तो म्हणाला.

"हो."

"कोणी शिकवलं?"

"तुम्हीच तर जेवताना सांगता, बाबा. पार्टी कसे तिन्ही कागद सोबत आणते ते. हसता पण मग." तिचा आवाज चढला नाही. "ऑफिसात चालते ना? घरी काहून नाही चालणार?"

तिने पेन उघडून त्याच्यापुढे धरलं. टोपण आपल्या हातात ठेवून. पार्ट्या धरतात अगदी तसं.

शरयू दारात उभी होती. हा कागद तो फाडेल, ओरडेल, आणि मग तिसऱ्या कोटेशनशिवायच चपला घालून दुकानाकडे निघेल, याची ती पोर वाट पाहत होती की काय, कोण जाणे. अच्युतने पेन घेतलं. हात सरावाचा होता. 'तीन दर पाहिले. योग्य.' खाली सही, तारीख.

क्षमाने सहीकडे पाहिलं आणि टोपण टेबलावर ठेवलं. "चलो," ती म्हणाली.

"आ गया तीसरा?" योगेंद्रने दुकानात त्यांना पाहताच विचारलं. अच्युतने सवयीने तिन्ही कागद काउंटरवर पसरले. योगेंद्रने वरचा उचलला, भुवया वर गेल्या.

"विनता इन्फोटेक? गोहलपुर में? बाबूजी, मैं तो वहीं पला हूँ. ये कौन सी दुकान है?"

अच्युतच्या मागे क्षमा होती. तिचा श्वास थांबलेला त्याला ऐकू आला.

"नई खुली है," अच्युत म्हणाला.

योगेंद्रने बापाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि कागद नीट घडी करून परत दिला. "अच्छा. चले, भगवान करे."

बिल झालं. क्षमाने खोका उचलला. अच्युत म्हणाला, पुढे ठेव, पायांशी. ती म्हणाली, नको, मी धरते. तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि मागे बसली.

घराकडे जाताना गढा भागातल्या रस्त्याला खड्डे होते. एरवी तो ते चुकवायचा. आज एका खड्ड्यापाशी त्याने उगाचच जोरात ब्रेक दाबला.

खोक्याचा कोपरा त्याच्या पाठीत रुतला. उजवा खांदा तसाच हलका राहिला, थेट घरापर्यंत.